मीराच्या डोळ्यातली खळगी

डोळ्याच्या आत सूज आल्यापासून माझ्या धाकट्या बहिणीला, मीराला, माणसांचे चेहरे पुसट दिसत होते. तिने घराबाहेर पडणंच सोडलं होतं. काही महिन्यांच्या औषधांनंतर आज डॉक्टरबाईंनी तिच्या डोळ्याच्या पडद्याचे दोन फोटो संगणकावर शेजारी शेजारी लावले. जुन्यात मधोमध टेकडीसारखा फुगवटा होता, नव्यात छोटीशी खळगी.

"ही खळगी निरोगी डोळ्यात असतेच. सूज उतरलीय," बाई म्हणाल्या.

ज्या पडद्यावर मीराने जन्मभर जग पाहिलं, तोच आज आम्ही पाहत होतो. किती नाजूक, आणि किती चिवट!

"ताई, खरंच उतरलीय गं," मीरा पुटपुटली. आम्ही दोघी इतक्या पुढे वाकलो की बाई हसून म्हणाल्या, "जरा सरका, मलाही बघू द्या."