दोन्हीकडून कोरलेली खोली

माझ्या सासरची घरं कोणी बांधलेली नव्हती, कोरलेली होती. भद्रावतीच्या पलीकडे टेकडीच्या काळ्या दगडात दहा-बारा घरांची ओळ. शिकलेले लोक त्याला ज्वालामुखीचा दगड म्हणत; आम्ही घर म्हणायचो. पहिलं कोणी कोरलं ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण रीत ठरलेली होती. सून आली, की धान कापून झाल्यावर सासऱ्याने तिच्यासाठी दगडात एक खोली कोरायची.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती, मला मात्र अजून मिळायचं होतं. लग्नाला वर्ष झालं तरी नवरा बाहेर ओट्यावर आणि मी घोरणाऱ्या सासूबाईंच्या शेजारी. दार लावून घेता येईल एवढीच खोली मला हवी होती.

सासरे एकदाचे छिन्नी घेऊन बसले. शेजारच्या घरात त्यांचे थोरले भाऊ. तलावातल्या मासळीच्या वाटणीवरून दोघांचा आठ वर्षं अबोला. त्याच सुमारास थोरलेही धानासाठी कोठी कोरू लागले, तीही आमच्याच दिशेने. त्यांची ठकठक रोज जवळ येत होती.

सासूबाई म्हणाल्या, “आवाज जवळ येऊन राह्यला. विचारा ना, कुठपर्यंत आले ते.”

“मी काऊन विचारू? त्याले गरज असन तर तो विचारन.”

पलीकडेही हेच चाललं असणार. दोघं एकाच आईची लेकरं.

पंधराव्या दिवशी छिन्नी आरपार गेली. भोकातून थोरल्यांचं तोंड दिसलं, मिशा भुकटीने पांढऱ्या झालेल्या.

“थकला का बे?” थोरले म्हणाले.

“नाई,” म्हणत सासरे धापा टाकत खाली बसले.

पलीकडून पाण्याचा लोटा आला. संध्याकाळी इकडून भाजी गेली. आठवडाभरात भोकाचं दार झालं, आणि सासूबाई नि थोरल्यांची बायको, दोघी जावा, आठ वर्षांचं राहिलेलं बोलणं माझ्या अंथरुणावर बसून पुरं करू लागल्या.

एके सकाळी सासरे दगड आणि चिखल घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. “बाई, खोली तुही हाये. म्हणशीन तर बुजवतो.”

मागे सासूबाई, पलीकडे थोरले नि त्यांची बायको. मला ती खोली फार, फार हवी होती.

“राहू द्या,” मी म्हणाले.

आणि मला रडू कोसळलं. आडोसा तर उरलाच नव्हता. दोन्ही घरांनी पाहिलं, आणि दोन्ही घरांना वाटलं, सुनेला केवढा आनंद झालाय.