माणशी की घरटी

देशातल्या सगळ्यांना औषधं विम्यातून मिळावीत, अशी योजना आखणाऱ्या गटात मी नवीन होते. लोकांशी बोलायला मला रोह्याजवळच्या अष्टमी गावात पाठवलं. औषधाच्या दुकानाबाहेर एक बाई गोळ्यांच्या पट्टीवरून अंगठा फिरवत बसल्या होत्या.

"मावशी, गोळी रोज घेता?" मी हळूच विचारलं.

"रोज म्हंजे, एक दिस हे, एक दिस मी."

ब्लड प्रेशर नवरा-बायको दोघांनाही होतं. दुसरी पट्टी परवडत नव्हती. माझा चेहरा पाहून त्या हसल्या. "घाबरतेस काय गो? एका ताटात जेवतो आम्ही."

मी योजनेबद्दल सांगितलं. त्यांनी पट्टी पिशवीत ठेवली, पदर सावरला आणि विचारलं, "गोळी माणशी देणार का घरटी?"

घराला मिळून एक विमा द्यायचा की प्रत्येकाला वेगळा, यावर आमच्यात अजून वाद चालू होता. मी तसंच सांगितलं.

त्या उठल्या. "घरटी दिलीत तर ह्यांनाच घेऊ दे रोज. डोकं जाम दुखतं त्यांचं. मला काय होत नाय."

त्या दिवसापर्यंत मी घरटी विम्याच्या बाजूची होते. हिशेबाला तो सोपा वाटायचा.