घोंगडीखालचा हात

काल धनी भिजून आले. घोंगडीचा ओला वास घरभर पसरला आणि कापसाला सोन्याचा भाव होता तेव्हाची आमची बैलबंडी आठवली. रिद्धपूर सोडलं आणि माघातला गार पाऊस कोसळला. घोंगडी एकच होती.

“कापूस भिजला त अमरावतीत कोनी घेनार नाई,” धनी म्हणाले.

“अन् पोरगी गारठून राहिली ते?” मी ओरडले.

तान्हीची ओली कापडं सोडून तिला बंडीतल्या कोरड्या कापसात निजवलं, वर घोंगडी ओढली. वाटभर धनी घोंगडीखाली हात घालत होते. कापूसच चाचपतात, म्हणून मी धुमसत राहिले.

काल त्यांनी निजलेल्या नातीच्या, त्याच लेकीच्या तान्हीच्या, नाकाशी बोट धरलं.

“काय करता?”

“श्वास पायतो. हिच्या मायचाबी असाच पायत होतो, बंडीत.”