कुत्रं कोणाचं

समुद्रपूरकडच्या एका खेड्यात ग्रामसेविका म्हणून रुजू होऊन मला चार महिने झाले होते. वय एकवीस. बायका गोळा करायच्या, त्यांना बाळंतिणीची निगा, शोषखड्डा, बिनधुराची चूल हे सगळं सांगायचं आणि थोडं शिवण शिकवायचं, असं काम. नागपूरला धम्मदीक्षा झाली त्याच्या पुढच्या वर्षीचा हिवाळा होता. कापसाची वेचणी सुरू असल्यामुळे दिवसा एकही बाई घरी सापडत नसे. म्हणून त्या दिवशी सकाळीच निघाले आणि गावच्या जुन्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरी गेले. मालगुजारी सरकारनं कधीच काढून घेतली होती, पण गाव त्याला अजून मालकच म्हणायचं. त्याच्या बायकोला संध्याकाळच्या बैठकीचं सांगायचं होतं.

फाटक उघडंच होतं. अंगणात त्यांचं तांबडं कुत्रं बसलेलं होतं. मी त्याला रोज पाहत होते, ते मला पाहत होतं. भुंकलंसुद्धा नाही. मालकीणबाई पूजेत आहेत असं कळल्यावर मी परत वळले, आणि मागून कोणीतरी लुगडं ओढल्यासारखं वाटलं. लुगडं फाटलं, एवढंच पहिल्यांदा मनात आलं. पोटरीतून रक्त वाहतंय हे नंतर दिसलं.

गोठ्यात शेण काढणारी बाई धावत आली आणि तिनं टोपल्यानं कुत्र्याला हाकललं. ती बौद्ध वस्तीतली होती, माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठी. मी तिला मावशी म्हणत असे.

"साबनानं धुवा, बाई," ती म्हणाली. "मले चावलं व्हतं तवा म्या नुस्ती राख लावली व्हती."

हे मी ऐकलं, पण डोक्यात शिरलं नाही. तोवर बरीच माणसं जमली होती. कोणी म्हणे तिखट भरा, कोणी म्हणे सात विहिरींत डोकावून या, कोणी म्हणे त्या कुत्र्याकडे आता पाहूच नका. बायकांना स्वच्छतेवर भाषणं देणारी मी, पण तिखट भरून घेतलं आणि तीन विहिरींत डोकावलेही. चौथ्या विहिरीपाशी रडू फुटलं. तेव्हा मावशीनं माझा हात धरून मला सडकेवर आणलं आणि हिंगणघाटच्या बसमध्ये बसवलं.

हिंगणघाटला माझी आत्या राहत होती. तिनं मला थेट सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिखट धुऊन काढलं, जखम औषधानं जाळली, मग विचारलं, "कुत्रा कुठे आहे?"

"गावात."

"कोणाचा?"

"मालकांचा."

"त्यांना सांगा, दहा दिवस बांधून ठेवा. खाऊ-पिऊ घाला. मारू नका. दहा दिवस धड राहिला तर सुया थांबवू. मेला किंवा पळाला तर चौदाच्या चौदा घ्याव्या लागतील, आणि तरी डोळ्यांत तेल घालून राहावं लागेल."

सुया पोटात घ्यायच्या होत्या, बेंबीच्या आसपास, रोज एक. पहिल्या सुईनंतर मी खाटेवर पडून कुत्र्याला उदंड आयुष्य मागत होते. त्याच कुत्र्याचा मला रागही येत होता. यातलं खरं कोणतं, ते मलाच कळेना.

मालकाला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की कुत्रं आमचं नाही, गावाचं आहे, आमच्या दारात नुसतं बसतं. गावातली पोरं लाठ्या घेऊन त्याला शोधताहेत, असंही कळलं. मी घाबरून गेले. पण त्याच संध्याकाळी समुद्रपूरकडून येणाऱ्या बसचा कंडक्टर आत्याच्या दारात उभा राहिला. आत्याचं घर स्टँडाला लागूनच होतं.

"तुमच्यासाठी निरोप आहे, बाई. कुत्रं बांधलं. जेवलं."

"कोणी बांधलं?"

"शेण काढते ती बाई. तुमचा निरोप तिनं गोठ्यात ऐकला, आपल्या दारात बांधलं तिनं."

त्यानंतर रोज संध्याकाळी तो यायचा आणि तेवढंच सांगायचा, "जेवलं." पोटावर गाठी आल्या होत्या, कुशीवर वळता येत नव्हतं. रोज सकाळी पाण्याचा पेला तोंडाशी नेताना घसा आवळतोय का हे मी तपासायची. तपासलं की तो आवळल्यासारखा वाटायचाच. मग संध्याकाळपर्यंत त्या एका शब्दाची वाट.

दरम्यान आत्याच्या शेजारच्या वकिलांनी माझी हकीकत ऐकून घेतली. मला वाटायचं की कुत्रं चावलं तर मालक जबाबदार, संपलं. वकील म्हणाले, "तेवढं सरळ नाही. निष्काळजीपणाची फौजदारी तक्रार करता येईल. शिक्षा झालीच तर दंड होईल आणि तो सरकारजमा. तुमच्या हाती काही येणार नाही. भरपाईसाठी वेगळा दिवाणी दावा. त्यात सिद्ध करावं लागेल की कुत्रा त्यांचा आहे, आणि तो चावरा आहे हे त्यांना आधीपासून माहीत होतं."

"चावला ना मला! अजून काय सिद्ध करायचं?"

"तुम्हाला चावला तो पहिल्यांदाच असेल, तर ते म्हणतील, आम्हाला काय ठाऊक? आधी कोणाला चावला होता का?"

तेव्हा मला मावशीचं राखेचं ते वाक्य आठवलं. आठवून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. मी त्यांच्या सांगण्यावरून पोलिसांकडे तक्रार दिली, त्यात मालकाचं नाव लिहिलं. मावशीचं नाव मात्र लिहिलं नाही. तिला विचारलंच नव्हतं.

सहाव्या दिवशी कंडक्टर आला नाही. आत्यानं स्टँडवर जाऊन पाहिलं. बस येऊन गेली होती. सातव्या दिवशी तो आला तो खाली मान घालून. "काल तिनं निरोपच दिला नाही, म्हणून आलो नाही. कुत्रं जेवलं. पण काल हवालदार गावात आलता. मालकानं सांगतलं, कुत्रं जिच्या दारात बांधलं हाये, तिचंच हाये. उद्या पंचनामा हाये म्हणते."

मला वाचवायला जिनं कुत्रं बांधलं, माझ्याच तक्रारीत तीच आरोपी होणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळची सुई घेऊन मी तशीच पोट धरून बसमध्ये बसले.

मालकाच्या ओट्यावर हवालदार कागद घेऊन बसला होता. खाली मावशी उभी होती आणि तिच्या हातात कुत्र्याची दोरी होती. त्या दोरीमुळे ती खरंच त्याची मालकीण दिसत होती.

"कुत्रं गावाचं," मालक म्हणाला. "आता हिनं बांधलं, चारलं, मग हिचंच झालं ना?"

"तसं नाही," मी म्हणाले. "डॉक्टरांनी बांधायला सांगितलं म्हणून तिनं बांधलं. तुम्ही नाही म्हणालात म्हणून."

"बाई, तुम्ही सरकारी नोकर. गावात काम करायचं आहे ना तुम्हाला?"

हवालदार मावशीला म्हणाला, "काय वं, कुत्रं कोनाचं हाये?"

"ज्याच्या गोठ्यात मी शेन काढतो त्याचं," ती म्हणाली. "दोन साल झाले, मले बी चावलं. मालकाले सांगतलं व्हतं. ते म्हनले, राख लाव."

"कोणाला माहीत?" मालक गरजला.

तेवढ्यात आतून, दाराआडून, आवाज आला. "मला माहीत आहे. राख मीच दिली होती. कुत्रं आपलंच आहे, माझ्या माहेरून आणलेलं."

आवाज मालकीणबाईंचा होता. चार महिन्यांत त्या माझ्या एकाही बैठकीला आल्या नव्हत्या. माझ्याशी कधी दोन शब्दही धड बोलल्या नव्हत्या. हवालदारानं माझ्याकडे पाहिलं, मग मालकाकडे. "आतून बोलल्या ते लिवू का नको?" त्यानं विचारलं. मालक उठून आत गेला. हवालदारानं जरा वाट पाहिली आणि लिहून घेतलं.

दहाव्या दिवशी कुत्रं धडधाकट होतं. डॉक्टरांनी सुया थांबवल्या. पुढं वकिलांनी मालकाला नोटीस द्यायचं ठरवलं. मावशीनं मला विचारलं, "त्यात माह्यं बी येते का?" वकील म्हणाले की दोन वर्षं झाली, मुदतीचा प्रश्न येईल, पण नोटिशीत लिहायला हरकत नाही. "मंग आधी माह्यं लिवा," ती म्हणाली. "आधी मले चावलं." तसंच लिहिलं. तिनं अंगठा दिला.

मालकानं कोर्टाची पायरी चढायच्या आधीच तडजोड केली. माझा दवाखान्याचा आणि येण्याजाण्याचा खर्च दिला, कुत्रं चावल्यावर मावशीची बुडालेली मजुरी दिली, आणि यापुढे कुत्रं बांधून ठेवीन असं लिहून दिलं. फौजदारी तक्रारीत नंतर थोडा दंड झाला असं ऐकलं. गोठ्याचं काम मात्र मावशीच्या हातून गेलं. मी हळहळले, तर ती म्हणाली, "ओट्यापुढं बोलली त्याच दिवशी गेलं व्हतं ते." ती दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जाऊ लागली.

पोटरी भरून यायला दोन महिने लागले. लंगडत मी बैठका घेत होते. कुत्रं दिसलं की पाय आपोआप थिजायचे, मग ते बांधलेलं का असेना. मालकीणबाई पुढच्या बैठकीला येऊन मागच्या ओळीत बसल्या. आल्या, काजं करायला शिकल्या आणि गेल्या. त्या दिवशी त्या का बोलल्या, हे विचारायचा मला धीर झाला नाही. त्यांना त्याचं काय मोल द्यावं लागलं, तेही कळलं नाही.

मावशीला मात्र मी विचारलं. माझी आर्वीला बदली झाली होती, निरोप घ्यायला गेले होते. "ते कुत्रं तुम्ही का बांधलंत? तुम्हालाही चावलं होतं."

ती चुलीसाठी कपाशीच्या वाळक्या काड्या, पऱ्हाट्या, मोडत होती. "मले चावलं तवा कोनी नाई बांधलं," ती म्हणाली. "सुया बी नाई, डाक्तर बी नाई. मी तीन महिने पानी पेतानी भेत व्हती. वाटे, आता घसा आवळते का मंग. तुमाले तसं काऊन व्हावं?"

माझी पाण्याची भीती मी आत्यालासुद्धा सांगितली नव्हती. मी तिथंच पऱ्हाट्यांजवळ बसले आणि ती भीती पहिल्यांदा तिला सांगितली. ती ऐकत राहिली, मोळी बांधत राहिली. मग बसची वेळ झाली म्हणून मी उठले, आणि ती फाट्यापर्यंत माझी पेटी घेऊन आली.