मेश्रामबाईंची प्रतिक्रिया

मेश्रामबाई वाचलेलं पुस्तक माझ्या टेबलावर ठेवत नसत, टाकत. वर निकाल देत, "ठेव थ्या खालच्या कप्प्यात. उधई लागली तं लागू दे." उधई म्हणजे आमच्याकडची वाळवी. नागभीडच्या वाचनालयात मी ग्रंथपाल आणि त्या हायस्कुलातून निवृत्त झालेल्या मराठीच्या बाई. पुस्तक आवडलं तर अवाक्षर न बोलता तेच पुन्हा घेऊन जायच्या. बाकीचे वाचक पुस्तक उशाशी ठेवतात आणि मुदत संपली की "अप्रतिम" म्हणून परत करतात.

मग ती कादंबरी आली. गोंड राजांच्या काळातली राणी, पायऱ्यांच्या विहिरीत तिचा खून, आणि हलक्या कुळाच्या माणसानं पाण्याला हात लावला की वर येणारं तिचं भूत. शहरातला हा लेखक इकडे वाघ पाहायला आला होता. वाघ दिसला नाही, तेव्हा बाईंच्या माहेरची विहीर पाहून, गावाचं नावही न बदलता, पुस्तक लिहून मोकळा झाला.

आमच्या वाचकांना उधाण आलं. "अंगावर काटा आला." "राणी डोळ्यांपुढं उभी राहिली." वाचक मंडळाचे अध्यक्ष, बँकेतले साहेब, यांनी गाडीत लिंबू टांगून त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. हीच त्यांची प्रतिक्रिया. मला किळस आली, पण मंडळाचे अध्यक्ष म्हटल्यावर मी अंगठा दाबला.

लोक गाड्या करून विहीर पाहायला जाऊ लागले. नारळ फुटू लागले. वाचली शहाण्यांनी आणि भीती बसली गावाला. वरच्या आळीनं काठावर लाल कापड बांधलं आणि बौद्ध मोहल्ल्यातल्या बायांना बजावलं, "राणीले चालत नाई. तुम्ही खाली उतरू नोका." मोहल्ल्यातल्या काही जणींनीही ते खरं मानलं. बाईंच्या आईला एकेकाळी ही विहीर शिवू देत नसत. धम्म घेतल्यावर मोहल्ल्यानं मार खाऊन तिचं पाणी मिळवलं होतं. आता भर मे महिन्यात बाईंची भावजय शेतातल्या बोअरवरून पाण्याचे पितळी गुंड डोक्यावर वाहू लागली.

लेखक वाचकांच्या भेटीला आले. हार झाले, चिवडा झाला, कौतुक झालं. मग बाई उठल्या.

"मी पुस्तक पूर्ण वाचलं. इथी असं म्हणणारी मी एकटीच असन. मले एकच सांगा, भुताले जात कोनं शिकवली?"

लेखक हसले. "बाई, ही कल्पना आहे."

"कल्पनाच करायची होती तं वरच्या आळीले काऊन नाई झपाटलं? पयले माणसं अडवत होते. तुम्ही थ्यायची मेहनत वाचवली."

साहेब म्हणाले, "कलाकृतीकडं कलाकृती म्हणून पाहायला शिका." लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोक टाळ्या कशालाही वाजवतात.

दुसऱ्या दिवशी बाई माहेरी गेल्या. लाल कापड ओढून काढलं, पायऱ्या उतरल्या, ओंजळीनं पाणी प्याल्या आणि गुंड भरून वर आल्या. भावजयीला म्हणाल्या, "पाह्य. मेली का मी?" भावजयीनं गुंड घेतला, पण त्यातलं पाणी त्या दिवशी कुणी प्यालं नाही.

आठवड्याभरात बाई गेल्या. हृदयाचं दुखणं कित्येक वर्षांचं होतं, हे सगळ्या नागभीडला ठाऊक. तरी ग्रुपवर पहिली प्रतिक्रिया आली, "राणीनं सोडलं नाही." तिच्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. त्या दिवशी मला आमच्या वाचकांची आली तेवढी शिसारी कधी आली नव्हती.

बाईंच्या नावानं पुण्यानुमोदनाचा विधी माहेरच्या मोहल्ल्यातच झाला. ऊन रणरणत होतं. साहेबही आले होते, समाजात दिसावं लागतं. बाईंची भावजय स्टीलचे गिलास घेऊन फिरत होती. साहेबांनी गिलास तोंडाशी नेला आणि थांबले.

"कुठलं पाणी हे?"

"विहिरीचंच व्हय," ती म्हणाली. "सकाळी आम्ही साऱ्या बाया उतरलो. माही ननंद ह्या विहिरीपायी बोल खाऊन मेली, मंग मी काय भुताले भेऊ?"

साहेबांनी गिलास खाली ठेवला. तहान नाही म्हणाले. ओठ तडकले होते माणसाचे. भावजयीनं तोच गिलास उचलला, त्यांच्यासमोर घटाघटा प्याली आणि पुढच्या पाहुण्याकडे गेली.