युसुफभाईंच्या नकाशातलं तळं

युसुफभाई पहिल्यांदा भेटले ते आमच्या शारजाच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये, आणि तेही अर्धेच. उरलेले अर्धे एका फ्रेममागे होते. फ्रेम एवढी प्रचंड, की तिच्यासाठी वेगळं पार्किंग घ्यावं लागलं असतं. मला उतरायचं होतं पाचव्या मजल्यावर, पोचलो नवव्यावर, आणि काचेने चपटं झालेलं नाक घेऊन त्यांच्या हॉलमध्ये खिळे ठोकत उभा राहिलो. नाव नंतर विचारलं.

फ्रेममध्ये कॅनडाच्या मैदानी मुलखाचा १९५३ सालचा नकाशा होता. चौकोनी शेतं, निळी तळी आणि घर म्हणून एकेक काळा ठिपका. मूळचे रत्नागिरीचे युसुफभाई दुबईत रास अल खोरला जुन्या ऑफिस फर्निचरचा धंदा करतात. त्यांच्या सुमैय्याला रुहानचं स्थळ आलं होतं. मुलगी राजी होती, पण रुहानची नोकरी या मुलखातल्या धान्याच्या कंपनीत, म्हणून बापाचं हो अडलं होतं. मोबाइलवरच्या नकाशावर त्यांचा भरवसा नाही. बोट लागलं की गाव पळतं. म्हणून हा कागदी मागवला.

"सूर्यकांतभाऊ, दोन ठिपक्यांतलं अंतर बघा. पोरीला वाटीभर साखर लागली तर गाडी काढायची?"

"अब्बा, प्लीज, इट्स सेव्हंटी इयर्स ओल्ड," सुमैय्या म्हणाली.

"जमीन कुठे जाते का?"

एकच दिलासा होता. रुहानच्या गावाला लागून मोठं तळं होतं. तळं म्हणजे मासे, आणि मासे असले की पोर जगेल. महिनाभर आल्यागेल्याला ते तळं दाखवलं गेलं. जाळं कुठून टाकायचं तेही ठरलं.

मग शुक्रवारी रुहानशी व्हिडिओ कॉल झाला. खिळे ठोकल्याच्या नात्याने मलाही बोलावणं होतं. सलाम झाल्याबरोबर युसुफभाईंनी विचारलं, "बेटा, तुझ्या गावच्या तळ्यात मासे कोणते?"

रुहान म्हणाला, "काका, ते तळं कधीच आटलं. तिथे आता गहू पिकतो."

"मग मासे?"

"फ्रोझन. गाडीने तासभर."

युसुफभाईंच्या पत्नी खैरुन्निसाभाभी आतून म्हणाल्या, "अहो, मुलगी द्यायचीय की ट्रॉलर?"

युसुफभाईंनी उठून भिंतीवरच्या नकाशातल्या तळ्यावर बोट ठेवलं. पोरगा सुरमई म्हणाला असता तर कोण बघायला जाणार होतं?

"खोटं बोलत नाही," ते मला हळूच म्हणाले आणि फोनकडे वळले. "यल्ला, चला, तारीख ठरवा."

लग्न झालं. सुमैय्याच्या व्हिसाचे कागद चालू असतानाच रुहानला इथेच अबुधाबीत नोकरी मिळाली. दोघं तिथेच राहतात.