पायात शिरलेला कुत्र्याचा जंत

गेल्या नवरात्रात मी अनवाणी राहायचं ठरवलं. एरवी मी देवाधर्मातला नव्हे. पण आईचा एक डोळा काचबिंदूनं आधीच गेलेला, उरलेल्यात मोतीबिंदू पिकलेला आणि त्याचं ऑपरेशन नेमकं अष्टमीला. माझी पार टरकली होती. बायको म्हणाली, "डॉक्टरांवर विश्वास ठेवा." म्हटलं, ठेवतो, पण देवीच्याही कानावर घालतो. दोन्हीकडे वशिला असलेला बरा.

आमच्या चंदनसारला गल्लोगल्ली बिल्डिंगी उठताहेत. वाळूचे ढीग रस्त्यावर, आणि ढिगांवर गल्लीतली समस्त कुत्री. झोपणं तिथंच, बाकीचे विधीही तिथंच. ती वाळू मी रोज भक्तिभावानं तुडवत होतो. पाचव्या दिवशी पायाला अशी खाज सुटली की आरती एका पायावर म्हटली. सकाळी बघतो तर पावलावर तांबडी, नागमोडी रेघ. बायकोनं तिच्या टोकाला बॉलपेननं खूण केली. दुसऱ्या दिवशी रेघ खुणेच्या पुढे! च्यायला, आत कोणीतरी चालत होतं.

"कुत्र्याचा जंत आहे," त्वचेचे डॉक्टर थंडपणे म्हणाले. "वाळूतून अळी कातडीत शिरते. माणसाच्या अंगात तिला पुढची वाट सापडत नाही, मग तिथंच भटकत बसते."

"यांचंही तसंच आहे," बायको म्हणाली.

गोळ्या मिळाल्या, आणि वर हुकूम: चप्पल घाला. गोळ्या घेतल्या, चप्पल नाही. जंतांची अख्खी खानदानं पायात शिरली असती तरी आईचा डोळा होईपर्यंत घातली नसती. तिच्यापासून पाय लपवायचीही गरज नव्हती. बिचारीला समोरचं ताट धड दिसत नव्हतं.

ऑपरेशन झालं. नवमीला सकाळी पट्टी काढली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिच्यापुढे बोटं नाचवली. आईनं बोटांकडे बघितलंच नाही. ती डोळे किलकिले करून खाली बघत राहिली आणि म्हणाली, "पायावर ही कसली रे तांबडी रेघ?"

रेघ होती दोऱ्याएवढी. ती बघायला बायकोला चष्मा लावावा लागायचा.

"आई, दिसतंय तुला?"

"न दिसायला काय झालं? आणि चप्पल कुठाय तुझी, गाढवा?"

पन्नाशी उलटलेल्या मी भर दवाखान्यात भोकाड पसरलं. आईला वाटलं, पाय फार दुखतोय.